भिंतीपलीकडे एक भाग पुढे

निवृत्त ग्रंथपालांना टीव्हीचं व्यसन लागलंय, असं त्यांची लेक फोनवर म्हणाली, तेव्हा त्यांना ‘व्यसन’ या शब्दाचं काही वाटलं नाही. ‘टीव्ही’ या शब्दाचं वाईट वाटलं. टीव्ही लोक पाहतात. ते वाचत होते. पडद्यावरची माणसं जपानी नाहीतर कोरियन बोलतात, आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही, म्हणून खाली ओळी येतात आणि त्या आपण वाचतो. ज्यानं उभा जन्म पुस्तकांच्या कपाटांमध्ये काढला, त्यानं म्हातारपणीही वाचन सोडलेलं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

“पण बाबा, आई म्हणते काल तुम्ही रडलात.”

“वाचताना माणूस रडू शकतो.”

“आणि परवा उशी फेकलीत.”

“ती निसटली.”

दोष असलाच, तर तो चपलांच्या कपाटाचा होता. ग्रंथपालांचं दार आणि मोजणीसाहेबांचं दार एकमेकांना खेटून, मध्ये एक सामाईक भिंत आणि पुढे दोघांचा मिळून एक बोळ. मोजणीसाहेब म्हणजे जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले अधिकारी. लोकांच्या बांधांची भांडणं मिटवण्यात त्यांची हयात गेली, आणि स्वतःच्या दाराशी बांध नाही याची रुखरुख राहून गेली असावी. ग्रंथपालांनी चपलांचं नवं कपाट आणलं, तेव्हा साहेबांनी फीत काढली, बोळाचा मध्य काढला आणि कपाट अंगठाभर आपल्या हद्दीत येतंय असं जाहीर केलं. ग्रंथपाल भिडस्त माणूस. पण भिडस्त माणूस वर्षातून एकदा फटकन बोलतो आणि नेमका तेव्हाच चुकतो. ते म्हणाले, “साहेब, कधीतरी मनाचंही माप काढून बघा.” साहेबांनी फीत गुंडाळली, आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून बुद्धिबळ बंद. रोज संध्याकाळी ग्रंथपालांच्या गॅलरीत पट मांडला जायचा. साहेब त्यांना ‘पंडित’ म्हणायचे, तेही बहुधा त्यांचा वजीर मारताना. आता संध्याकाळ झाली की ग्रंथपाल पट काढायचे, सोंगट्या पुसायचे आणि परत ठेवून द्यायचे. त्यांच्या पत्नीनं हे काही दिवस पाहिलं आणि लेकीला सांगितलं. लेक आली, टीव्हीला काहीतरी जोडून गेली आणि जाताना म्हणाली, “यात जगभरातलं सगळं आहे, बाबा. काहीतरी लावा. सोंगट्या झिजतील नाहीतर.”

त्यांनी पहिलं लावलं ते जपानी निघालं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची गोष्ट. तो छत्री दुरुस्त करतो, गिऱ्हाईक येतं, दोघं गप्प बसतात, भाग संपतो. समोरच्या दुकानातली बाई त्याला आवडते हे पहिल्याच भागात कळतं. दहाव्या भागात तो तिला सांगतो की उद्या पाऊस येईल. मालिका समाप्त. ग्रंथपाल कितीतरी वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले. आपल्यासारख्या माणसालाही कुणी नायक करू शकतं, ही शक्यता त्यांना आजवर कुठल्या पुस्तकानंसुद्धा दाखवली नव्हती.

मग कोरियन सुरू झालं, आणि तिथे अगदी उलटा कारभार. जपानी माणूस दहा भागांत एक वाक्य बोलतो, तर कोरियन माणूस एका भागात अपघातात सापडतो, स्मृती घालवतो, ती परत मिळवतो आणि आपण कंपनीच्या मालकाचा मुलगा असल्याचं त्याला कळतं. जेवण कुणीच पुरं करत नाही. घास उचलला की फोन वाजतो. नायिकेचा पाय मुरगळतो आणि नायक तिला पाठुंगळी घेतो; आधार देऊन चालवणं, रिक्षा बोलावणं वगैरे पर्याय त्या देशात बहुधा नाहीत. आणि प्रत्येक मालिकेत एक दुसरा नायक असतो. सज्जन, मितभाषी. नायिका भिजत असली की हा छत्री धरतो आणि स्वतः भिजतो. तिचं लग्न मात्र पहिल्याशीच होतं. ग्रंथपालांचा जीव पहिल्यापासून या दुसऱ्यावर जडला. त्याच्या वाट्याला निदान एकदा तरी काही चांगलं यावं म्हणून ते एकामागून एक मालिका बघत, क्षमा करा, वाचत गेले.

साधारण अर्ध्या वर्षानं त्यांच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडूनही तेच संगीत येतंय.

आधी त्यांना वाटलं, आपलाच आवाज घुमतोय. त्यांनी आवाज बंद केला. संगीत चालूच राहिलं. मग एक जोरदार नाक शिंकरल्याचा आवाज आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हरायला लागलं की साहेब असंच नाक शिंकरत.

“अगं, साहेब कोरियन बघतायत,” ते पत्नीला म्हणाले.

“तुम्ही भिंत हादरवता रोज. त्यांनी दुसरं काय करायचं? बघत असतील बिचारे, नक्की काय चाललंय ते.”

साहेब एक भाग पुढे होते. त्यामुळे मोठी सोय झाली आणि मोठी गैरसोयही. संध्याकाळी भिंतीतून हसण्याचा आवाज आला, की उद्याचा भाग हलकाफुलका आहे हे ग्रंथपालांना आजच कळे. नाक शिंकरलं, की ते दुसऱ्या दिवशी दोन रुमाल घेऊन बसत. एकदा पलीकडून नुसतंच “अरेरे” ऐकू आलं, आणि त्या रात्री ग्रंथपालांना झोप लागली नाही. त्यांना पुढे जाता आलं असतं. एका बैठकीत दोन भाग लावले की साहेबांना गाठलं. पण ते कधी गेले नाहीत. बोलणं नव्हतं, पट नव्हता; एवढा एक भागाचा धागा होता, आणि मागे राहण्यात एक प्रकारची सोबत होती. हे अर्थात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाक्यच नव्हतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग पाऊस आला आणि साहेब फिरून चिंब भिजून परतले. त्यांची छत्री हरवली होती, आणि नवी घ्यायची तर चार दुकानांत काड्यांची लांबी मोजल्याशिवाय ते घेणार नव्हते. दाराच्या भिंगातून ग्रंथपालांनी त्यांना बोळात पाणी निथळत उभं राहिलेलं पाहिलं, आणि त्यांच्यातला दुसरा नायक जागा झाला.

घरात एक जादा छत्री होती. ती साहेबांच्या दाराशी अडकवायची. चिठ्ठी नाही, बेल नाही. मालिकेत असंच करतात. मालिकेत मात्र छत्री अडकवायला आधीच काहीतरी असतं. बोळात काही नव्हतं. म्हणून साहेब फिरायला गेलेले पाहून ग्रंथपालांनी एक लांबलचक खिळा घेतला, बत्ता घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीत खिळा ठोकला. पहिल्याच प्रयत्नात तो इतका सुरेख आत गेला की त्यांनी मागे सरून स्वतःचं काम दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : ‘सामाईक बोळातील भिंतीवर अज्ञात इसमाने छत्री टांगून अतिक्रमण केल्याची लेखी तक्रार आली आहे. संबंधिताने ती काढून न्यावी.’ सेक्रेटरी स्वतः खालच्या मजल्यावरून वर आले. हे गृहस्थ विमा कंपनीत होते, आणि कुठल्याही घटनेकडे ती घडायला नको होती अशाच नजरेनं बघत.

“तुमची का हो ही?”

“छे,” ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

“मग राहू दे. साहेब म्हणतात, पुरावा आहे, कुणी हात लावायचा नाही.”

वरच्या मजल्यावरच्या गायनबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, “छत्री घरात उघडी ठेवू नये एवढं ऐकलं होतं. बाहेर मिटून टांगण्याबद्दल काही ऐकलं नाही बाई. चौकशी करते.”

साहेब पुन्हा भिजले. पण खरा घाला वेगळाच होता. त्या संध्याकाळी भिंतीतून संगीत आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मालिका ऐन रंगात आली होती : तेरावा भाग संपला होता, नायिकेला दुसऱ्या नायकाचं पत्र मिळालं होतं आणि ते ती फोडणार होती. ग्रंथपालांचा तेरावा झाला होता, म्हणजे साहेबांचा चौदावा असणार. आता नियमानं आपण चौदावा बघायचा. त्यांनी रिमोट उचलला. पलीकडे शांतता होती. त्यांनी रिमोट खाली ठेवला.

“का, बघत नाही?” पत्नीनं विचारलं.

“साहेबांचं बंद आहे.”

“मग? त्यांनी जेवण सोडलं तर तुम्ही पण सोडणार?”

 

बातमी सेक्रेटरींकडूनच आली. साहेबांचं इंटरनेट बंद पडलंय. कंपनीकडे तक्रार केली, कंपनी म्हणते आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. “वैतागलेत फार. म्हणतात, महिनाअखेर मुलाकडे राहायला जातो कायमचा. इथे कोण आहे माझं? एक टीव्ही होता, तोही गेला.”

 हे ऐकून ग्रंथपालांनी ते केलं, जे त्यांनी स्वतःच्या घरासाठीसुद्धा कधी केलं नसतं : कंपनीला फोन. फोनवरच्या बाईनं त्यांना एक दाबायला सांगितलं, मग तीन दाबायला सांगितलं, मग संगीत ऐकवलं. शेवटी एक जिवंत आवाज आला.

“आपल्याला काय अडचण आहे?”

“मला नाही. शेजाऱ्यांना आहे.”

“शेजारी आपले कोण?”

प्रश्न साधा होता, पण ग्रंथपाल त्यावर इतका वेळ विचार करत राहिले की पलीकडून फोन ठेवला गेला.

दुसऱ्यांदा फोन केल्यावर तक्रार नोंदली गेली, पण फोन ग्रंथपालांचा म्हणून तक्रारही त्यांच्याच नावावर. तंत्रज्ञ आला तो त्यांच्याच घरी. त्यानं त्यांची उत्तम चाललेली जोडणी उघडली, फुंकर मारली, पुन्हा लावली आणि ती बंद पडली. ती चालू होईस्तोवर त्यानं दोनदा चहा घेतला. मग ग्रंथपालांनी चाचरत खरी अडचण सांगितली. साहेब घरी नव्हते. तंत्रज्ञ बोळात गेला, वर छतापाशी शेजारच्या घरची वायर शोधली, ती भिंतीत कुठे शिरते ते पाहिलं आणि बोटानं प्लास्टरवरून खाली येत येत थेट छत्रीपाशी थांबला.

“हा खिळा कुणी मारला?”

ग्रंथपालांनी छत्रीकडे असं पाहिलं, जणू ती त्यांना आत्ताच दिसली.

“बारीकशी वायर आहे हो,” तंत्रज्ञ कौतुकानं म्हणाला. “भिंतीत कुठे आहे ते आम्हाला यंत्राशिवाय सापडत नाही. यानं एका घावात बरोबर मध्ये मारलाय. असा नेम मी पाहिला नाही.”

“लगेच दुरुस्त होईल?”

“भिंत खणायला लागेल. भिंत सामाईक, म्हणजे सेक्रेटरींची परवानगी. वायर शेजाऱ्यांची, म्हणजे त्यांची सही. आणि बिघाड कुणी केला ते अर्जात लिहायला लागतं.” त्यानं पिशवी खांद्याला लावली. “सही झाली की कळवा.”

म्हणजे हात दाखवून अवलक्षण ते हेच. ज्या एका धाग्यानं दोन घरं जोडलेली होती, तो ग्रंथपालांनी स्वतःच्या हातानं, बत्त्यानं, प्रेमानं तोडला होता.

ते रात्रभर शब्द जुळवत राहिले. ‘साहेब, आपल्याला कल्पना असेलच...’ नसणार. ‘साहेब, एक गंमत झाली...’ यात गंमत काय? कोरियन पद्धतीनं पावसात दारासमोर उभं राहावं, तर बोळाला छप्पर. पहाटे त्यांना जपानी छत्रीवाला आठवला. त्याच्या हातून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची छत्री मोडते. तो एक शब्द बोलत नाही. दाराशी जातो आणि कमरेतून वाकतो, पार काटकोनात, आणि तसाच राहतो, समोरचा माणूस काही म्हणेपर्यंत. भिडस्त माणसासाठी याहून चांगली सोय कुठल्याच संस्कृतीनं केलेली नाही. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. वाक्य लागत नाही.

सकाळी त्यांनी स्वच्छ सदरा घातला.

“निघालात कुठे?” पत्नी म्हणाली.

“इथेच. शेजारी.”

तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सदऱ्याची कॉलर सरळ केली.

त्यांनी बेल वाजवली, एक पाऊल मागे घेतलं, हात मांड्यांलगत सरळ ठेवले आणि वाकले. दहा भागांत जितक्या वेळा पाहिलं होतं, त्या सगळ्याची तालीम त्या एका वाकण्यात होती. काटकोन झाला. आणि तेव्हाच कमरेत काहीतरी ‘कट्’ झालं.

दार उघडलं. ग्रंथपालांना साहेबांच्या सपाता दिसल्या. वर पाहायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

 मग साहेबांचा आवाज आला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

“काय मोजताय?”

“मोजत नाहीये.”

“मग कपाटाकडे काय बघताय? सरकवलंय का आणखी?”

“साहेब, मला सरळ होता येत नाहीये.”

तोवर जिन्यात माणसं जमली. संकटात माणूस एकटा नसतो ही गोष्ट खरी आहे, आणि तेच खरं संकट आहे. गायनबाई म्हणाल्या, दीर्घ श्वास घ्या आणि खालचा ‘सा’ लावा, कंबर आपोआप सुटेल. कुणी म्हणालं, गरम पिशवी. कुणी म्हणालं, गार. सेक्रेटरींनी विचारलं, ही घटना नक्की कोणत्या फ्लॅटच्या हद्दीत घडली, कारण पाय यांच्याकडे दिसतात आणि डोकं त्यांच्याकडे. पत्नी बाहेर आली, तिनं नवऱ्याचा काटकोन पाहिला आणि म्हणाली, “माफी मागायला गेले होते हो. एवढी मोठी मागतील असं वाटलं नव्हतं.”

“माफी कसली?” साहेब म्हणाले.

आता पर्याय नव्हता. ग्रंथपाल त्या सपातांशीच बोलू लागले. छत्री माझी. खिळा माझा. तुम्ही भिजला होतात म्हणून. वायर त्यानंच तुटली. अर्जावर माझं नाव लिहा, सही तेवढी करा. आणि कपाट काढून टाकतो, चपला घरात ठेवीन. आणि मनाच्या मापाबद्दल त्या दिवशी जे बोललो, ते... इथे वाक्य संपलं नाही. पण एकंदरीत बरंच लांब झालं होतं. त्यांच्या मानानं ते व्याख्यानच होतं.

सेक्रेटरी म्हणाले, “पण तुम्ही तर मला छे म्हणालात.” कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

सपाता एक पाऊल पुढे आल्या.

“चौदाव्या भागात काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“कशाच्या?”

“उगाच साळसूदपणा नको. ती पत्र फोडते का नाही? मी चौदावा लावला, तीन मिनिटं बघून फिरायला गेलो आणि परत आलो तर सगळं बंद. इतके दिवस डोक्याला भुंगा लागलाय. तुमचं तर चालू आहे.”

“मला माहीत नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

“माहीत नाही म्हणजे?”

“तुमचं बंद झाल्यावर मी पुढे बघितलं नाही.”

 मग ते नाक शिंकरणं ऐकू आलं. या वेळी मध्ये भिंत नव्हती.

“लिफ्ट बंद आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “डॉक्टरांकडे न्यायचं, तर जिन्यानं न्यावं लागेल. खुर्ची आणू का? पण खुर्चीत बसणार कसे?”

“सरका,” साहेब म्हणाले. सपाता वळल्या. पाठमोऱ्या झाल्या. आणि ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर एक रुंद पाठ खाली झुकली.

“साहेब, अहो, नको. या वयात.”

“गप्प बसा. तुमचा आकार आत्ता पाठुंगळीला अगदी मापाचा आहे. यानंतर असा मिळायचा नाही.” साहेबांनी मागे हात केले. “आणि बाहेर पाऊस आहे. ती छत्री घ्या काढून हाताला लागते तर.”

“पुरावा आहे तो,” सेक्रेटरी म्हणाले.

“माझी तक्रार होती. मी मागे घेतो.”

पत्नीनं आणि गायनबाईंनी मिळून ग्रंथपालांना वर चढवलं. प्रत्येक पायरीला कमरेत कळ उठत होती, साहेब इंजिनासारखे धापा टाकत होते, मागून सल्ले येत होते. ग्रंथपालांनी एका हातानं साहेबांचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातात छत्री. आपण या क्षणी दुसरे नायक आहोत की नायिका, हा प्रश्न त्यांना पडला. पण कधी नव्हे तो त्यांनी तो सोडून दिला.

दुसऱ्या मजल्यावर साहेब दम खायला थांबले.

“कपाट राहू दे,” ते म्हणाले. “परवा पुन्हा मोजलं मी. बोळाचा मध्यच चुकला होता. माझा.”

“अंगठाभर?”

“अर्धा अंगठा.” त्यांनी ग्रंथपालांना नीट वर सरकवून घेतलं. “संध्याकाळी तुमच्याकडे बसू. चौदावा लावू. आणि पंडित, आता भिंत नाहीये, तेव्हा रडायचं तर हळू रडा. तुमच्या हुंदक्यांत खालच्या ओळी वाचायच्या राहतात.”

 बाहेर पडल्यावर ग्रंथपालांनी छत्री उघडली आणि ती साहेबांच्या डोक्यावर धरली. स्वतः ते भिजत गेले.